तिसरी कॉइल

पहिली गेली तेव्हा मेकॅनिक म्हणाला, खाडी.
माहीमला सगळं खाडीवर घालतात.
चांदीची वाटी काळवंडली, खाडी.
टीव्हीचा आवाज बसला, खाडी.
दुसरी चौदा महिन्यांत गेली,
वॉरंटीपेक्षा दोन महिने जास्त जगून.
तेव्हा मीही म्हणाले, खाडीच असणार.

या खेपेला आले इग्नेशियस दाब्रे, वसईचे,
खांद्यावर नायट्रोजनचा बुटका बाटला.
खोलीत पाऊल टाकलं आणि थांबले.
"बाई, इथे लोणची घालता?"
नाही.
"मग शिरक्याचा वास कसला?"

मी कपाट उघडलं.
बाबांच्या ठाकुरद्वारच्या स्टुडिओतले खोके,
बटरपेपरच्या पाकिटांत निगेटिव्हज,
वर जांभळ्या शाईत त्यांचं तिरकं अक्षर:
मंत्री–कोठारे, वैशाख, दुसरी पंगत.
बाळ, नाव अजून ठेवलेलं नाही.
एक गृहस्थ, पैसे बाकी.
या खोलीत मी निजत नाही.
मी बाहेर, पंख्याखाली.
एसी यांच्यासाठी.

दाब्रेंनी एक पट्टी खिडकीशी धरली.
कडेला चुण्या, झालरीसारख्या.
"फिल्म आंबतेय," म्हणाले,
"आणि तिची वाफ तांबं खातेय."
कॉइलला साबणाचा फेस लावला.
बराच वेळ काही नाही.
मग एका वळणावर
मोहरीएवढा बुडबुडा, फुगला, फुटला,
पुन्हा त्याच जागी फुगला.
"बाहेरून भोक दिसायचं नाही.
आत मुंग्यांच्या वारुळासारख्या वाटा असतात."

म्हणजे ताक कळकतं तसं.
"तसंच. फक्त इथे भांडं मरतं."

कल्हई केलेली मिळत नाही?
"निळा थर मिळतो. पण तो पत्र्यांना,
वळणांवर तांबं उघडंच राहतं.
अॅल्युमिनियमची घ्या.
लोक नाकं मुरडतात, फुटली तर डाग लागत नाही म्हणून."
आई म्हणायची, अॅल्युमिनियमच्या पातेल्यात चिंच नको.
"पातेल्यात चिंच उकळते, बाई. इथे नुसता वास."

मी म्हटलं, मग दोन टनाची आणा, मोठी.
त्यांनी टेपचं पातं सर्रकन आत सोडलं.
"बाहेरचं मशीन दीडचं, आतली दीडचीच.
मोठी लावली तर गार होईल, कोरडं होणार नाही.
आणि यांना कोरडं हवं, नाही का?"
यांना म्हणाले ते. निगेटिव्हज नव्हे.

गुरुवारी लोहार चाळीतून कॉइल आली,
हलकी, खोक्यात काही नसल्यासारखी.
तांब्याचा पाइप तिला जिथे भेटतो
तिथे काळा रबरी मोजा चढवला,
दोघांचं ओलाव्यात पटत नाही म्हणून.
नायट्रोजन भरला. काटा चहा होईस्तोवर हलला नाही.
मग व्हॅक्यूम पंप, पाऊण तास, घुर्र घुर्र,
आणि दाब्रे स्टुलावर बसून
पाकिटांवरची जांभळी अक्षरं वाचत राहिले.
"हे पैसे बाकीवाले कोण?"
माहीत नाही.
"चेहरा देणेकऱ्याचा वाटत नाही."
निगेटिव्हमध्ये तो काळा होता, केस पांढरेशुभ्र.

गॅस वजनकाट्यावर तोलून सोडला.
ट्रेमध्ये अर्धा मग पाणी ओतून उतार पाहिला.
जुनं तांबं पिशवीत, पैसे बिलातून वजा.
जाताना म्हणाले, खोके इथून हलवा,
नाहीतर ही पण किती पुरेल सांगता येत नाही.
मी विचारलं, किती वर्षं?
"कॉइलची विचारता का यांची?"
सुटे पैसे शोधायला मी आत गेले.

साडेतीनला खालून सालियनबाईंची हाक:
"अहो विजयकर! आमच्या पत्र्यावर पाणी पडतंय!"
खिडकीतून वाकून पाहिलं.
टप. मग बराच वेळ नाही. मग टप.
वास येतोय का हो त्याला, मी विचारलं.
"पाण्याला कसला वास?"
पडतंय ना पण?
"पडतंय म्हणून तर सांगतेय!"